स्वप्नं बघणं परक्यांचं खूळ नाही

बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: आदर्श समाजाची स्वप्नं हे परदेशी खूळ आहे, ती प्रत्यक्षात उतरवायला गेलं की रक्तपात होतो, हाती काही लागत नाही; म्हणून सीमाभागातल्या पोरांनी आहे ते स्वीकारावं. चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतायत, म्हणून लिहितोय.

परदेशी? इंग्रज लेखक टॉमस मोरने ‘युटोपिया’ हे आदर्श समाजाचं काल्पनिक बेट 1516 मध्ये रंगवलं. ज्ञानदेवांनी पसायदान मागितलं 1290 मध्ये. ‘जो जे वांछील तो ते लाहो’ हे मागणं प्राणिजातासाठी आहे, त्यात जातीची की भाषेची अट नाही.

रक्तपाताचं म्हणाल, तर विसाव्या शतकात आदर्श राज्याच्या नावाखाली माणसं मारली गेली, हे खरं आहे. पण आपल्या मातीतलं उदाहरण बघा. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात, म्हणजे चर्चासभेत, अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, अक्कमहादेवी चर्चेत, आणि चामडं कमावणारे कक्कय्या सगळ्यांच्या बरोबरीने बसलेले. परंपरा सांगते, ब्राह्मण मधुवरसांची मुलगी चांभार हरळय्यांच्या घरी सून म्हणून द्यायचं ठरलं आणि राजाने दोन्ही बापांना हाल करून मारलं. मग यात रक्त कुणी सांडलं? बसवेश्वरांचे अनुयायी, म्हणजे शरण, पांगले. कक्कय्यांची समाधी आपल्याच खानापूर तालुक्यात, कक्केरीला आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

हाती काही लागत नाही, हे तर निपाणीत म्हणूच नये. तिथे बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पान कापायचं, जर्दा भरायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की मजुरी कापली जाते. घरात बसून राबणाऱ्या बाईला कायद्याने कामगार म्हणावं, ही एकेकाळी हवेतलीच गोष्ट होती. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने ती मान्य केली. ऐंशीच्या दशकात याच गावात विडी कामगार आणि देवदासी बाया संघटित झाल्या. पुरता न्याय अजून मिळालेला नाही, पण आहे ते स्वीकारलं असतं तर एवढंही पदरात पडलं नसतं.

राहिला सीमाभाग. 1956 पासूनची जखम आहे, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो आपण लढवायचाच. पण उद्याचा विचार ‘महाराष्ट्र की कर्नाटक’ एवढ्यावरच का थांबावा? पोराला मराठी शाळा, सरकारी कागद त्याच्या भाषेत, आणि शेजारच्या कन्नड घराशी वैर न धरता हे सगळं. निकाल कसाही लागला तरी हे कुठल्यातरी सरकारकडे मागावं लागणारच आहे. ते कसं मागायचं, हे आत्ताच बसून ठरवू या.