अठरा-पंचावन्नची लेन्स विकू नकोस

आज संध्याकाळी आमच्या वस्तीतला एक मुलगा घरी आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षांपासून मनापासून फोटो काढतो आहे, आणि त्याच्याकडे निकॉनचा डी५६०० व त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आहे. दारात चप्पल काढता काढताच तो म्हणाला, "काका, कॅमेरा विकायचा आहे. तुमच्या ओळखीत कोणी घेणारं आहे का?" घरी पैशांची काही अडचण आली असावी असे मला वाटले, पण तसे काही नव्हते. मागच्या रविवारी तो काही ज्येष्ठ छायाचित्रकारांबरोबर नागपूरच्या गोरेवाड्याकडे पळसाचे फोटो काढायला गेला होता. तिथे त्यांच्यापैकी एकाने चारचौघांदेखत त्याच्या कॅमेऱ्याकडे पाहून सांगितले की या लेन्सवर लँडस्केप, म्हणजे निसर्गदृश्य, होत नसते, करायचेच असेल तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घे. आता हा मुलगा चोवीस हप्त्यांवर नवा कॅमेरा आणि त्याची वाइड, म्हणजे रुंद दृश्य मावणारी, लेन्स घ्यायला निघाला आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही.

मी त्याला त्या दिवशीचे फोटो दाखवायला सांगितले. बरेचसे सर्वसाधारण होते, पण एका फोटोवर मी थांबलो. पानगळ झालेल्या सागांची करडी रांग, तिच्यात एकच पळस, मागून आलेल्या कोवळ्या उन्हाने प्रत्येक फूल आतून उजळलेले, आणि खाली वाळक्या पाचोळ्यावर गळलेल्या फुलांचा सडा. हा कुठे टाकला का नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "डिलीट करणार होतो, काका. किट लेन्सचा आहे ना."

हे ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, सकाळी कामावर जायचे आहे, तरी लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहितो आहे. वीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या उत्तम फोटोची लाज वाटायला लावणाऱ्या माणसाला ज्येष्ठ कोणी म्हटले? तुम्ही माझे मित्र आहात, कोणाच्या हातातल्या वस्तूवरून त्याची पायरी ठरवणे तुमच्यापैकी कोणालाही पटत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे तुमच्यासमोर मांडतो आहे.

मला राहून राहून खिंडसीची सकाळ आठवते आहे. काही जणांनी ती माझ्याकडून ऐकली असेल, पण पूर्ण लिहून कधी काढली नव्हती.

नोव्हेंबर २०१४. तेव्हा माझ्याकडे निकॉनचा डी७००० होता आणि बॅगेत तीन लेन्स होत्या: ११-१६ची वाइड, ५०ची प्राइम (झूम न होणारी) आणि ७०-३००ची लांब झूम. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर हिवाळ्यात पहाटे धुके धरते, कारण पाण्यात आदल्या दिवसाची ऊब शिल्लक असते आणि वरची हवा गार पडलेली असते. ते धुके मला हवे होते. बाबा म्हणाले, मीही येतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना पहाटेच जाग येत असे. चार वाजता थर्मासमध्ये चहा भरून आम्ही निघालो आणि सव्वापाचला तलावाच्या काठाला उभे होतो. मी ट्रायपॉड लावला, वाइड लेन्स चढवली, आणि तासभर आमच्यासमोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीही नव्हते. मग सूर्य वर येताच धुक्याला मध्येच एक खिंडार पडले आणि त्यातून एक डोंगा बाहेर आला. डोंग्यात मासे धरणारा माणूस उभा होता, आणि तो उभा होता तेवढ्याच पट्ट्यात ऊन होते. माझ्या वाइड लेन्समध्ये तो मुंगीएवढा दिसला. म्हणून मी वाकलो, बॅग उघडली, झूम काढली, धूळ जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ केली, मागचे झाकण काढले, एक लेन्स उतरवली, दुसरी चढवली. एवढ्यात बाबांचा आवाज आला, "पाहिलं का रे?"

मी वर पाहिले तेव्हा धुके पुन्हा मिटले होते. दीड मिनिट झाले असेल, फार तर दोन.

फोटो हुकल्याचे दुःख एव्हाना ओसरले आहे. दुःख याचे आहे की मी ते डोळ्यांनीही पाहिले नाही. पन्नासेक किलोमीटर अंधारात गाडी चालवून, म्हाताऱ्या वडिलांना थंडीत उभे करून, ज्या क्षणासाठी आलो तो क्षण मी बॅगेच्या चेनकडे पाहत घालवला. परतताना बाबा मला त्या डोंग्याचे वर्णन सांगत होते. त्या माणसाने जाळे कसे फेकले, ते उन्हात कसे उघडले. २०१७ मध्ये बाबा गेले. ते जाळे मला अजूनही त्यांच्याच शब्दांत दिसते.

तेव्हापासून मी बाहेर एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एकच लेन्स नेतो. आता डी७२०० आहे आणि त्यावर १६-८५. घरून निघताना जी लेन्स चढलेली असेल तिच्यात जे मावेल ते माझे, जे मावणार नाही ते नुसते पाहायचे. माझ्या मते हौशी माणसाने साधने निवडताना एवढाच निकष लावावा: उजेड येईल तेव्हा मान खाली घालावी लागू नये. ज्या मुलाला आपल्या १८-५५ची प्रत्येक सवय माहीत झाली आहे, जो अंधारात चाचपून तिची रिंग फिरवू शकतो, त्याच्या हातून ती काढून घेऊन त्याला नवीन मेन्यूंच्या जंगलात सोडणे ही कसली मदत आहे?

फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, मोठा असतो, हे खरे. ३६ बाय २४ मिलिमीटर विरुद्ध त्या मुलाच्या कॅमेऱ्याचा साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त, आणि त्यामुळे सावल्या उजळताना त्यात तपशील अधिक राहतो. मान्य. पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कमीत कमी १०० ठेवून, ट्रायपॉडवर, सकाळच्या उजेडात काढलेल्या फोटोत तो फरक किती जणांना दाखवता येईल? त्या मुलाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. ६००० बाय ४००० पिक्सेल, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरूनही २० इंच रुंद आणि १३ इंच उंच प्रिंट निघते. तेवढी प्रिंट त्या ज्येष्ठांपैकी कितींच्या घरी भिंतीवर आहे हे मला विचारायचे आहे. आपण सगळेच फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहतो, आणि तिथे पळसाचे फूल कोणत्या सेन्सरवर उमटले हे फूलसुद्धा सांगू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून मी हतबुद्ध झालो. त्याच गृहस्थांनी त्याला सांगितले की लँडस्केप नेहमी एफ २२वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी बारीक करून, काढायचे. एवढ्या लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि पूर्ण चित्र मऊ पडते. असल्या लेन्सची खरी धार एफ ८च्या आसपास असते. त्याच्या १८ मिलिमीटरला एफ ८ ठेवून दोन मीटरवर फोकस केला, तर एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. पळसाचा तो फोटो त्याने नेमका एफ ८वर काढला होता, कोणाचे न ऐकता. हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगितले काय, तर हप्ते.

हप्त्यांबद्दल बोलायचे तर माझा संताप अजून उतरलेला नाही. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात मुलाच्या शिक्षणाचा हप्ता आणि घराचा हप्ता एकाच पगारातून जातो. त्यात दोन लाखांच्या वरचे आणखी एक ओझे एका टोमण्यापायी? ज्याला लग्नसमारंभांची कामे करायची आहेत त्याला दोन बॉडी आणि भारी लेन्स लागतात, ती त्याची रोजीरोटी आहे. या मुलाला रविवारी पहाटे झाडे पाहायची आहेत.

पैसे खर्च करायचेच असतील तर कशावर करावेत हे मी त्याला आज सांगितले, आणि तुम्हालाही सांगतो. आधी ट्रायपॉड, चांगला दणकट, मधला दांडा वर न ओढता डोळ्यांपर्यंत येणारा. त्याच्यावर कॅमेरा ठेवला की लेन्समधले कंपन-नियंत्रण बंद करावे आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोट लागून हलणे टळते. वारा असेल तर ट्रायपॉडच्या हुकाला बॅग लटकवताना ती खाली टेकू द्यावी, नाहीतर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते. मग एक पोलरायझर, म्हणजे लेन्सवर चढवायची फिल्टरची काच. सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर पेंचच्या वाटेवर सागाची ओली पाने आरशासारखी चमकतात आणि हिरवा रंग पांढरट दिसतो. ती चमक कापणे पोलरायझरलाच जमते, नंतर संगणकावर कितीही बसले तरी जमत नाही. सूर्य बाजूला असताना निळे आकाशही त्याने गडद होते, पाठीशी असताना काहीच होत नाही. एवढे दोन घेतले की उरलेले पैसे पेट्रोलला आणि चहाला.

लांब झूमचा मोहही मी पाहिला आहे. माझ्या एका मित्राने १५०-६००ची लेन्स घेतली आणि मे महिन्यात सकाळी दहा वाजता गोरेवाड्याच्या पलीकडच्या काठाचे फोटो काढून लेन्स खराब निघाली म्हणून महिनाभर तळमळत राहिला. लेन्सचा काही दोष नव्हता. आपल्या नागपूरच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा उकळल्यासारखी हलते, आणि जितकी लांबची लेन्स तितकी ती लहर मोठी होऊन दिसते. त्याला उपाय एकच, लवकर उठणे. आपण पूर्वेला असल्यामुळे आपला सूर्य मुंबईच्या मानाने वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो, मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास, आणि आठ वाजेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो. उशिरा उठणाऱ्याला कोणताही सेन्सर तो उजेड परत आणून देत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. रात्रीचे आकाश टिपायचे असेल तर मोठा सेन्सर आणि एफ २.८ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, वाइड लेन्स यांचा खरोखर उपयोग होतो, आणि २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाल्यापासून आपल्याकडच्या मुलांना आकाशगंगेची ओढ लागणे स्वाभाविक आहे. लागू द्या. नोकरी लागेल, स्वतःच्या पगारातून घेईल. तोपर्यंत अशी लेन्स कोणाकडून एका रात्रीपुरती मागून आणता येते, माझ्याकडून तर नक्कीच. माझी ती ११-१६ घरीच असते.

७०-३०० मात्र देता येणार नाही. खिंडसीनंतर मी ती क्वचितच हातात घेतली, आणि दोन पावसाळे कपाटात बंद राहिल्यावर तिच्या आतल्या काचेवर बुरशीचे धागे धरले. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवायला हवी होती, हे उशिरा सुचले. ती लेन्स टाकून द्यायला मन होत नाही. ती चढवत असतानाच बाबांनी हाक मारली होती.

मघापासून जो राग लिहीत होतो तो आता थोडा निवळला आहे. त्या गृहस्थांनाही कोणीतरी कधीतरी असेच म्हटले असेल, आणि त्यांनी ते मनाला लावून घेऊन घर भरले असेल. तरीही त्यांनी त्या मुलाला एकदा फोन करून त्याचा पळसाचा फोटो मागवून पाहावा, असे मला वाटते. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली तर ही विनंती समजावी.

मुलगा आठच्या सुमारास गेला. कॅमेरा विकायचे तूर्त थांबवले आहे असे म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून पूर्ण पटलेले दिसले नाही, आणि एका बैठकीत पटावे अशी माझी अपेक्षाही नाही. रविवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघे खिंडसीला निघतो आहोत. मार्चमध्ये धुके मिळणार नाही, पण काठावरचे पळस असतील आणि डोंगेही असतील. त्याला त्याचाच कॅमेरा आणि तीच लेन्स आणायला सांगितली आहे. ट्रायपॉड मी देणार आहे, आणि चहा बाबांच्या थर्मासमध्ये भरून घेणार आहे.