पेलेट ग्रिल : सोय खरी, चव निम्मी

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या छोट्या गोळ्या (पेलेट) जाळणारी, विजेवर चालणारी भाजायची शेगडी. तिच्यात गॅसची सोय आणि कोळशाची चव एकत्र मिळते, असं तिच्यावरच्या एका लेखात म्हटलंय. सोय मान्य, चव निम्मीच. २२५ फॅरनहाइटला ब्रिस्केट (गोमांसाचा छातीचा भाग) बारा तास ठेवायचं तर पेलेटला तोड नाही. पण पंख्याच्या वाऱ्यावर लाकूड इतकं स्वच्छ जळतं की धूर सौम्यच राहतो. आणि स्टेक खरपूस हवा तर निखारेच हवेत, बहुतेक पेलेट ग्रिल ५०० फॅरनहाइटच्या आसपास दमतात.

लेखात राहून गेली ती ओल. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. दमट हवेत तो फुगतो आणि पेलेट पुढे ढकलणाऱ्या ऑगरमध्ये सिमेंटसारखा घट्ट बसतो. एक गोळी मोडून बघा: कट्कन तुटली तर ठीक, नुसता भुगा झाला तर अख्खी पिशवी टाकून द्या.

मध्येच आग विझली तर लगेच बटण दाबू नका. फायरपॉटमध्ये, म्हणजे गोळ्या जळतात त्या भांड्यात, साचलेल्या गोळ्या एकदम भडकतात. प्लग काढा, गार होऊ द्या, गोळ्या आणि राख उपसा, मग झाकण उघडं ठेवून पेटवा. वीज गेली की मात्र सगळंच ठप्प. कोळशाच्या केटल ग्रिलला त्याचं काय!