‘दिसत नाही? मग फॉरमॅट मारा’: दुसऱ्या हार्ड डिस्कबद्दलचा एक महागडा सल्ला

कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि ती ‘धिस पीसी’मध्ये उगवली नाही, की एक ठरलेला सल्ला मिळतो. ग्रुपवर मिळतो, दुकानात मिळतो, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगाही तोच देतो: ‘जंपर स्लेव्हवर लावा. तरी नाही दिसली तर एसएमपीएस कमी पडतोय, मोठा टाका. बायोसमध्ये साटा मोड बदलून बघा. विंडोजने इनिशिअलाइझ किंवा फॉरमॅट विचारलं तर ओके करा. एवढं करूनही नाही दिसली तर डिस्क डेड.’

यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या मशीनवर कधीतरी लागू पडलेला आहे, म्हणून तर तो टिकून आहे. पण डिस्क नेमकी कुठे दिसत नाही, हा पहिला प्रश्नच त्यात नाही. बघायच्या जागा तीन आहेत: बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा), विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट आणि धिस पीसी. बायोसमध्ये जाण्यासाठी मशीन सुरू होताना बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ२ दाबायचं. डिस्क मॅनेजमेंट स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत मिळतं. बायोसमध्येच नाव नसेल तर दोष केबल, वीज, पोर्ट किंवा खुद्द डिस्कमध्ये. विंडोजमध्ये कितीही क्लिक केलं तरी उपयोग नाही. नाव बायोसमध्ये आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये आहे, फक्त धिस पीसीमध्ये नाही, असं असेल तर जोडणी बहुधा ठीक आहे आणि कॅबिनेट पुन्हा उघडायची गरज नाही. एवढं ठरलं की वरचा अर्धा सल्ला आपोआप गळून पडतो.

‘जंपर स्लेव्हवर लावा.’

हा सल्ला ४० पिनांच्या रुंद पट्टी-केबलच्या काळातला. तेव्हा एका केबलवर दोन डिस्क असायच्या आणि मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे जंपरने (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सांगावं लागायचं. साटा, म्हणजे डिस्क जोडायची आजची अरुंद केबल आणि पोर्ट, याचं पहिलं प्रमाण २००३ साली आलं आणि एका पोर्टला एकच डिस्क असा हिशेब झाला. मास्टर-स्लेव्ह तिथेच संपलं. साटा डिस्कच्या मागे चार-आठ बारीक पिना दिसतात हे खरं, पण त्यांचं काम वेगळं. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच जुन्या डिस्कवर एका जोडीवर जंपर बसवला तर वेग सेकंदाला १.५ गिगाबिटवर अडकतो आणि दुसऱ्या जोडीवर बसवला तर डिस्क वीज मिळूनही हुकूम येईपर्यंत फिरतच नाही. म्हणजे धडधाकट डिस्क या सल्ल्यापायीच बायोसमधून गायब होऊ शकते. जंपर नसेल तर लावू नका. जुन्या डिस्कवर आधीपासून असेल तर लेबलवरची आकृती पाहून काढा.

‘एसएमपीएस कमी पडतोय.’

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज देणारा डबा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते, म्हणजे काही सेकंद २४-२५ वॉट. मग ५ ते ८ वॉटवर स्थिरावते. अडीच इंची डिस्क आणि साटा एसएसडी यांना तर ५ व्होल्टची लाइन पुरते. ज्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर आधीचं सगळं नीट चालतंय, तो एका डिस्कने कोलमडत नाही. वीज मिळत नाही ती बहुतेक वेळा कनेक्टरमुळे: १५ पिनांचा प्लग अर्धवट बसलेला, किंवा एकाच लाइनला स्प्लिटरवर स्प्लिटर लावलेले.

विजेचं एक कारण मात्र खरं आहे, आणि ते या सल्ल्यात नेमकं नाही. २०१६ साली आलेल्या साटा ३.३ प्रमाणात वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. हे सर्व्हरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करण्यासाठी. पण जुन्या पद्धतीचे एसएमपीएस त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देतात. अशा एसएमपीएसला सर्व्हरसाठीची डिस्क किंवा बाहेरच्या पेटीतून काढलेली मोठी डिस्क जोडली की काहीच होत नाही. आवाज नाही, थरथर नाही, बायोसमध्ये नाव नाही. नवीकोरी डिस्क ‘डेड’ म्हणून परत जाते ती अशी. तपासायचं सोपं आहे: जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून साटाची वीज देणारा अडॅप्टर लावा. मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि दोन काळ्या एवढ्याच वायरी, ३.३ व्होल्ट नाहीच. डिस्क फिरायला लागली तर रोग सापडला. कायमचा उपाय म्हणून डिस्कच्या त्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी पातळ टेप) लावतात; डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजायचं. पिना इतक्या जवळ असतात की पहिल्या तीनही झाकल्या तरी चालतं.

अडॅप्टर घेताना प्लगची मागची बाजू बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही प्रकार मिळतात. वायरी प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेला अडॅप्टर टाळा. आतल्या वायरी सरकून शॉर्ट होतात आणि प्लग वितळतो. वायर एकेक पिनेत दाबून बसवलेली दिसते तो घ्या. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातली केबल वापरायची. दुसऱ्या कंपनीची केबल, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबल, भोकात अगदी छान बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्कचं सर्किट जळतं. ते कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

‘साटा मोड बदलून बघा.’

नको. विंडोज ज्या मोडवर बसवलं आहे तो एएचसीआय असो की रेड, नुसता बदलला की चालू असलेलं विंडोजच ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळ्या पडद्यावर थांबतं. बायोसमध्ये बघायचं ते वेगळं. काही ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमध्ये रिकामे साटा पोर्ट बंद करून ठेवलेले असतात, ते चालू करा. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट (चपट्या एसएसडीची बोर्डावरची खाच) भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, कोणते ते बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतं; केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम झालं. दुसरी डिस्कच एम.२ असेल तर स्लॉट साटा चालवतो की एनव्हीएमई (एसएसडीची साटाहून वेगवान पद्धत), हे आधी पाहा. साटा एसएसडी फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये बसते, स्क्रूही लागतो, दिसत मात्र नाही.

डिस्क लावल्यावर जुनं विंडोजच सुरू होईना, तर बूटचा क्रम बदललेला असतो. पहिली डिस्क वर आणा, बस.

‘इनिशिअलाइझ, फॉरमॅट, ओके.’

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. डिस्क कोरी असेल तर काहीच हरकत नाही: इनिशिअलाइझ करा, जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवणाऱ्या पार्टिशन तक्त्याचा नवा प्रकार) निवडा, न्यू सिंपल व्हॉल्यूम, अक्षर द्या. २ टीबीच्या वरच्या डिस्कला एमबीआर, म्हणजे त्या तक्त्याचा जुना प्रकार, निवडू नका. ४ टीबीच्या डिस्कमधले २०४८ जीबी वापरता येतील आणि उरलेले जवळपास १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली पडून राहतील. (४ टीबीचे मुळात ३७२६च का दिसतात? कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. फसवणूक नाही.)

पण डिस्कवर आधीचा डेटा असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘हेल्दी’ आहे, फक्त अक्षर नाही: राइट क्लिक करून अक्षर द्या, दहा सेकंदांचं काम. पण अक्षर दिल्यावर लगेच फॉरमॅट विचारलं तर ती लिनक्सची किंवा मॅकची डिस्क असू शकते. विंडोजला ती फाइल सिस्टिम वाचता येत नाही एवढंच, तेव्हा कॅन्सल. ‘ऑफलाइन’ आणि सिग्नेचर कोलिजनचा उल्लेख: ही डिस्क चालू डिस्कचा क्लोन आहे. ऑनलाइन केलं की विंडोज तिची सही बदलतं. नुसता डेटा हवा असेल तर चालेल, पण त्याच क्लोनवरून पुढे मशीन सुरू करायचं असेल तर करू नका. ‘फॉरेन’ असेल तर ‘इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स’. कुलूप दिसलं तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन. ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, जुन्या लॅपटॉपच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा सापडते.

‘रॉ’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ दिसलं आणि डिस्क यूएसबी पेटीतून काढून आत बसवलेली असेल, तर ती परत त्याच पेटीत घाला. काही पेट्यांची चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६चे म्हणून दाखवते, काही चिप तर डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करतात. थेट साटावर आल्यावर पार्टिशनचा तक्ता जुळत नाही आणि भरलेली डिस्क कोरी वाटते. पेटीत घालून डेटा दुसरीकडे काढा, मग ती आत बसवून खुशाल फॉरमॅट मारा.

इनिशिअलाइझ केल्याने नवा पार्टिशन तक्ता लिहिला जातो, बाकी डेटा जागेवर असतो. तिथेच थांबलात तर रिकव्हरीला वाव आहे. क्विक फॉरमॅटनंतर हार्ड डिस्कवर थोडी आशा उरते. एसएसडीवर तीही नाही, कारण विंडोज त्यासोबत ट्रिमचा, म्हणजे ती जागा रिकामी समजून पुसायचा, हुकूम पाठवतं. आणि क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर विस्टापासून पुढची विंडोज डिस्कभर शून्यं लिहिते. मग विषय संपला.

‘तरी नाही, म्हणजे डेड.’

आधी डेटा केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या मशीनवर लावून बघा. मशीन बंद करून, प्लग काढून. डिस्क अधूनमधून दिसते आणि जाते, कॉपी करताना अडकते, अशी लक्षणं असतील तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून सी७ या ओळीचा, म्हणजे सीआरसी चुकांचा, आकडा लिहून ठेवा. तो वाढत असेल तर संशय केबलवर किंवा सैल कनेक्टरवर. केबल बदलल्यावर आकडा शून्य होत नाही, वाढायचा थांबला की झालं. ०५ आणि सी५ वाढत असतील तर मात्र डिस्कचा पृष्ठभाग जातोय. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवू नका, तो तिला आणखी राबवतो. महत्त्वाच्या फाइली आधी काढा. आणि ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघणं थांबवा. हेड आपटत असतं, प्रत्येक वेळी चालू केल्यावर प्लेट आणखी खरवडली जाऊ शकते, आणि रिकव्हरीवाल्याकडे न्यायला उरतं त्यातलं थोडं कमी होतं.