कोरम भरला त्याची गोष्ट

आमच्या गावच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही आणि म्हणूनच गावाचा कारभार सुरळीत चालतो, हे माझं जुनं मत आहे. लोकशाहीवर श्रद्धा असलेली मंडळी यावर चिडतात. त्यांनी एकदा आमच्याकडे कोरम भरलेला बघावा.

नियम असा की गावातल्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं सभेला हजर पाहिजेत. आमचं गाव चांगलं मोठं, तेव्हा आम्हाला शंभर लागतात. आता शंभर माणसं आमच्याकडे कशाला जमत नाहीत? कुणाची म्हैस विहिरीत पडली तर दोर घेऊन दहा आणि सल्ले घेऊन दीडशे जमतात. ग्रामसभेला मात्र पुढच्या खुर्च्याही भरत नाहीत. थोडा वेळ वाट बघायची, चहा यायचा, आणि भाऊसाहेब रजिस्टरात 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असं लिहून टाकायचे. सरकारने 2024 साली ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी केलं, दारावरची पाटीही बदलली, पण गावाला भाऊसाहेबांशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला कोरम लागतच नाही. हा नियम ज्या कुणी केला त्याने आमचं गाव बघूनच केला असणार. या दुसऱ्या सभेला भाऊसाहेब, सरपंचताई, त्यांचे यजमान, दोन-तीन सदस्य, शिपाई आणि पारावर ऊन आलं म्हणून आत येऊन बसलेले एक आजोबा एवढी माणसं असतात. आजोबांना ऐकू कमी येतं, पण समोरच्याने हात वर केला की तेही करतात. गावातल्या निम्म्या ठरावांचे अनुमोदक ते आहेत. अंदाजपत्रक, गटार, वित्त आयोगाचा निधी, सगळं जेवणाच्या आत मंजूर. भांडण नाही, तंटा नाही.

हे सगळं परवाच्या 15 ऑगस्टला बिघडलं, आणि ते वाऱ्यामुळे बिघडलं.

पूर्वी आमच्याकडे दवंडी होती. दवंडीवाला प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबायचा, हलगी वाजवायचा आणि तेच वाक्य दोनदा सांगायचा. आता ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगे आहेत. शिपाई खाली बसून माईकवर बोलतो आणि वाक्याचा कुठला तुकडा कुठल्या आळीला मिळायचा ते वारा ठरवतो. मागे एकदा आमच्या आळीला नुसतं 'उद्या दिवसभर बंद राहील' एवढंच मिळालं. काय बंद राहील? बायकांनी हंडे-कळश्या भरून ठेवल्या, पोरांनी मोबाइल चार्ज करून ठेवले, आणि बंद होती दूध डेअरी.

तर 14 तारखेला संध्याकाळी शिपायाने पुकारलं की उद्या झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे, घरकुलाच्या 'ड' यादीचा विषय या सभेत नाही. सूचना सरळ होती. पण खालच्या आळीला यातलं 'घरकुलाच्या ड यादीचा विषय' एवढंच पोचलं. 'नाही' वाऱ्याने ओढ्यापलीकडे नेलं.

'ड' यादी काय चीज आहे ते शहरातल्यांना सांगून कळणार नाही. 2011 च्या पाहणीत ज्यांची नावं सुटली, त्यांची नंतर केलेली ही यादी. तिच्यात नाव लागलं की घर बांधायला सरकारचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. त्यामुळे गावात माणूस एक वेळ स्वतःची जन्मतारीख विसरेल, पण 'ड' यादीतला आपला नंबर विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटून झाला, आणि एरवी ज्या वेळी निम्मं गाव जिलेबीच्या कढईभोवती असतं त्या वेळी ते ग्रामपंचायतीत शिरलं. हॉल भरला, व्हरांडा भरला, शेवटी सभा मारुतीच्या मंडपात न्यावी लागली. शिपायाचं हजेरी रजिस्टर पहिल्यांदाच सभेच्या जागी भरलं. एरवी ते सह्यांसाठी न्हाव्याच्या दुकानापासून डेअरीपर्यंत फिरतं. भाऊसाहेबांचा चेहरा पडला होता. 'कोरम पूर्ण आहे,' असं त्यांनी सांगितलं ते पाहुणे जेवायलाच आलेत हे घरात सांगावं तसं.

माझं स्वतःचं काम फार लहान होतं. आमच्या गल्लीतल्या खांबावरचा दिवा बंद होता. घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य कर, पाणीपट्टी यांच्या जोडीला दिवाबत्ती कर असतो. मी तो नियमाने भरत होतो आणि नियमाने अंधारात ठेचकाळत होतो. मी एस.टी.त कंडक्टर होतो. पैसे घेतले की तिकीट द्यायचं एवढं मला कळतं. विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतात, तिथे उठून दोन वाक्यं बोलायची आणि घरी जायचं, असा बेत होता.

पण पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. एरवी भाऊसाहेब हे वाचत नाहीत, कारण ऐकायला कुणी नसतं. त्या दिवशी तात्या म्हणाले, 'वाचा की. आम्ही बसलोय.' भाऊसाहेबांनी वाचलं, आणि आपण गेल्या सभेत सर्वानुमते काय काय केलं ते गावाला त्या दिवशी कळलं. पाणीपट्टी वाढवली होती. बाजारतळाचा लिलाव झाला होता. मोकाट कुत्र्यांवर 'सखोल चर्चा' झाली होती.

'पाणीपट्टी कुणी वाढवली? सूचक कोण? नाव वाचा!'

भाऊसाहेबांनी सूचक वाचला, तो बाजाराला गेला होता. मग अनुमोदक वाचला. सगळा मंडप आजोबांकडे वळला. शेजारच्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. आजोबा थरथरत उठले आणि म्हणाले, 'मी? मी तर पहिल्यापासनं विरोधात हाय!' टाळ्या पडल्या. त्या ठरावाचं पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून तो तसाच ठेवला.

प्रश्न सरपंचताईंना विचारले जात होते आणि उत्तरं त्यांचे यजमान देत होते. निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्यापासून गावोगाव हे चालतं. आमच्या ताईंनी पाण्याच्या विषयापर्यंत सहन केलं. यजमान 'आमचं असं धोरण आहे की' म्हणाले तेव्हा त्यांनी माईक काढून घेतला. 'अहो, तुम्ही पाणी प्या. सही माझी असते.' यजमान खरंच पाणी प्यायले. आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेला आमची ही गेली होती. तिथे म्हणे ताई एकट्या बोलल्या, वॉलमनला समोर बोलावून पाणी सोडायच्या वेळा भिंतीवर लिहून घेतल्या, आणि स्वयंपाकाच्या वेळेला सगळ्या घरी. त्या सभेवर लिहिण्यासारखं काहीच नाही.

गटारावर मात्र तास गेला. गटार पाहिजे याबद्दल एकमत होतं. प्रत्येकाचं म्हणणं एवढंच की माझं पाणी त्यातून गेलं पाहिजे आणि गटार माझ्या दारातून जाता कामा नये. अतिक्रमणाचंही तसंच. 'सगळी काढा, कुणाची भीड धरू नका,' अशी घोषणा झाली. भाऊसाहेबांनी पहिलं नाव वाचलं, आणि ते घोषणा देणाऱ्याच्याच सासऱ्याचं निघालं. तिथून आम्ही घाईने पुढच्या विषयाकडे सरकलो.

पुढचा विषय तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची निवड. ही महात्मा गांधींच्या नावाची मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. गावातली भांडणं गावातच मिटावीत, कोर्टकचेरी नको, असा स्वच्छ हेतू. अध्यक्षाला पगार नाही, भत्ता नाही. पण लग्नपत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'त नाव येतं आणि फ्लेक्सवर फोटो लागतो, त्यामुळे या पदासाठी आमच्याकडे जेवढी डोकी फुटतात तेवढी विधानसभेलाही फुटत नाहीत.

वरच्या आळीने एक नाव सुचवलं, खालच्या आळीने दुसरं. दोघे एकमेकांचे साडू.

'ज्याचा स्वतःच्या बांधाचा दावा तहसीलला पडून हाय, त्यो आमचं तंटं मिटवणार?'

'आन् तो दावा कुणासंगं हाय ते पण सांग की! तुझ्यासंगंच हाय!'

हे खरं होतं. दोन्ही उमेदवार एकाच तंट्यातले वादी-प्रतिवादी होते. पोलीस पाटील मध्ये पडले. त्यांना दोन्ही आळ्यांनी सांगितलं की तुम्ही कुणाचे आहात ते आम्हाला माहीत आहे. मागच्या रांगेत दोन खुर्च्या उचलल्या गेल्या. मारुतीचा पुजारी गाभाऱ्याला कडी घालून आला. इतका वेळ 'ड' यादीची वाट बघत बसलेली खालची आळी आता यादी विसरून बाह्या सरसावून उभी राहिली.

मी उभाच होतो. हातही वर होता. गर्दीत आपला ऐनवेळचा विषय राहून जाईल या भीतीने मी गटारापासूनच हात वर धरून ठेवला होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, 'अरे ते मास्तर बघा, कवापासनं हात वर करून उभं हायत! त्यांनाच करा!'

एस.टी.च्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मी म्हणालो, 'मला फक्त खांबावरचा दिवा...'

'जन्मभर सुट्ट्या पैशांची भांडणं मिटवली मास्तरांनी. आपली काय अवघड हायत?'

दोन्ही साडूंना मी चाललो, कारण मी चाललो म्हणजे दुसरा चालला नाही. सूचक म्हणून पंधरावीस हात वर झाले. अनुमोदक म्हणून आजोबांनी हात वर केला. या वेळी त्यांना ऐकू आलं होतं की नाही हे मी विचारलं नाही. सरपंचताईंनी नारळ दिला, कुणीतरी शाल शोधून आणली, आणि शेवटी 'ड' यादीचं विचारायला लोक वळले तेव्हा भाऊसाहेबांनी शिपायाला पुढे केलं. शिपायाने माईकवर सांगितलं, 'मी काल नाही म्हणालो होतो.' त्यानंतर मंडपात काय झालं ते रजिस्टरात 'खेळीमेळीच्या वातावरणात सभा संपन्न' असं नोंदलं आहे.

पदाचा एक उपयोग झाला. दोनच दिवसांत वायरमन शिडी घेऊन गल्लीत आला आणि खांबावर नवा एलईडी चढला. पहिल्या रात्री गल्ली लखलखली. दुसऱ्या सकाळी समोरचे नाना आले. ते ओसरीवर झोपतात. 'मास्तर, डोळ्यांवर उजेड येतो. आन् किडं जेवणात.' दिवा फिरवला. संध्याकाळी पलीकडच्या काकू आल्या. 'अध्यक्ष झाला म्हणून उजेड सगळा आपल्याच दारात का? आमची पोरगी क्लासवरनं येते.' दिवा परत फिरवला. तिसऱ्या घरातला पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पळायला निघताना त्याला उजेड लागतो, म्हणजे आणखी तिसरीकडे लागतो. वायरमन कंटाळला. शिडीवरूनच म्हणाला, 'मी बटण बसवून देतो. लागेल तेव्हा लावा, नको तेव्हा घालवा.' बटण कुणाच्या भिंतीला, यावर पुन्हा वाद नको म्हणून त्याने ते अध्यक्षांच्या भिंतीला बसवलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की माझा फोन वाजायला लागतो. 'मास्तर, घालवा की आता.' घालवला की काकूंची कडी वाजते, 'पोरगी अजून आली न्हाई, लावा.' पहाटे पोरगा खिडकीत शीळ घालतो. आमची ही म्हणते, एस.टी.त निदान तुम्हाला साप्ताहिक सुट्टी होती.

शेवटी मी रीतसर ग्रामपंचायतीत गेलो. म्हटलं, हा तंटा आहे, समितीकडे नोंदवून घ्या. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं.

'तक्रारदार?'

'नाना.'

'सामनेवाले?'

'काकू. आणि तो पळणारा पोरगा.'

'मग यात तुम्ही कोण?'

'अध्यक्ष. आणि बटण माझ्या भिंतीला आहे.'

भाऊसाहेबांनी थोडा विचार केला आणि सामनेवाल्यांच्या रकान्यात तिसरं नाव म्हणून माझं घातलं.