कोकिळा म्हणजे कावळ्याची जात? अजिबात नाही

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, की कोकिळा ही कावळ्याचीच एक जात आहे, म्हणून ती काळी, म्हणून कावळा तिची पिल्लं वाढवतो, आणि कुहू कुहू गाते ती मादी. कावळा तिची पिल्लं वाढवतो हे खरं, पण नात्यामुळे नाही, बाकी सगळं चूक आहे आणि लोक हे लहान मुलांना शिकवतायत म्हणून राहवत नाहीये.

आधी रंगाचं बघू. काळा असतो तो फक्त नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिला तर कित्येक जण भलताच पक्षी समजतात. आणि नर तरी जवळून बघा, डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट, कावळ्याची चोच कशी काळीकुट्ट असते. पण खरी ओळख पायात आहे. कावळ्याची तीन बोटं पुढे नि एक मागे, कोकिळेची दोन पुढे दोन मागे, फांदी धरून बसली की दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. पावशा, चातक, भारद्वाज सगळ्यांचे पाय असेच, ही तिची खरी भावकी. कावळ्याचं नुसतं कुळच नाही तर गणसुद्धा (म्हणजे कुळाच्या वरचा मोठा गट) वेगळा, तो चिमण्या-बुलबुलांच्या गणातला. १७५८ साली स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने कोकिळेला शास्त्रीय नाव दिलं तेव्हाही तिला कक्कूंमध्येच, म्हणजे या भावकीतच, ठेवलं होतं.

आता घरट्याचा मुद्दा, जो लोकांना सगळ्यात जास्त पटतो. अहो, अंडी कुणाच्या घरट्यात घातली त्यावरून नातं ठरत असतं तर पावशाची अंडी सातभाईंच्या घरट्यात असतात, मग पावशाला सातभाई म्हणायचं का? आणि भारद्वाज कोकिळेच्याच कुळातला असून स्वतःचं घरटं स्वतः बांधतो. इथे कावळा चक्क फसलेला असतो, कोकिळेचं अंडं त्याच्या अंड्यासारखंच दिसतं, फक्त जरा लहान, आणि तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोनतीन दिवस आधीच बाहेर येऊन चोच वासून बसतं, मग पहिला घास त्यालाच मिळतो.

वर्गीकरणात खरा वाद आहे तो वेगळाच. पूर्वी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सगळ्या कोकिळा एकच जाती धरायचे, आता बरेच अभ्यासक आशियातली, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाची काळ्या चोचीची आणि ऑस्ट्रेलियाकडची अशा तीन वेगळ्या मानतात. यात कावळा कुठेच येत नाही.

आणि गाण्याचं म्हणाल तर तो चढत जाणारा कुहू नराचा. मादीचा आवाज म्हणजे किक-किक-किक, तो ऐकलात तर कोकिळा आठवणारही नाही.