दुसऱ्या रात्री बाळंतिणीजवळ कोण बसतं?

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

ओळखीतल्या घरच्या मुलीचं परवा संध्याकाळी सिझर झालं, पहिलंच बाळंतपण. आज तिला भेटायला गेले होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण सोलापुरात हे एकाच ठिकाणी घडत नाही. खोलीत गेले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोळे सुजलेले. बाळ आजीच्या मांडीवर. टेबलावर पावडरचा नवा कोरा डबा आणि बाटली. काल रात्री अडीचला बाळ रडायला लागलं ते थांबेचना. ड्युटीवरच्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "दूध उतरलं नाही हिला, वरचं द्या," आणि चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून दिलं. भाऊ रात्री तीनला मेडिकल शोधत फिरला. बाळाचं तोंड छातीला कसं लागतंय, हे मात्र एकानंही वाकून बघितलं नाही.

"दूध उतरलं नाही." किती सहज बोलतात हे! त्या एका वाक्यानं बाळंतिणीचा स्वतःवरचा विश्वास जातो तो पुढे दोन-दोन महिने परत येत नाही.

प्रसूती वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला दुसरी रात्र माहीत असते. पहिले चोवीस तास बाळ बरंचसं झोपून काढतं. जन्माचा शीण असतो, घरचे म्हणतात किती गुणी बाळ. दुसऱ्या रात्री तेच बाळ अर्ध्या अर्ध्या तासाला छाती मागतं. ओढतं, झोपतं, खाली ठेवलं की रडतं, परत ओढतं. हा आजार नाही आणि दूध नसल्याची खूणही नाही. बाळ जितकं ओढेल तितका शरीराला निरोप जातो, आणि त्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात छाती भरून येते. सिझरनंतर थोडा उशीर होतो, इतकंच. दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन रात्री पाजताना जास्त स्रवतं. आणि आपण नेमकं त्याच रात्री बाटली तोंडात घालतो!

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं, म्हणजे चहाचा एक चमचा. चीक असतोच तेवढा, घट्ट, पिवळा, थेंबाथेंबानं येणारा. निसर्गानं माप बरोबर ठेवलंय. त्या पोटात बाटलीनं ३०-४० मिली पावडरचं दूध गेलं की बाळ चार तास उठत नाही. घरच्यांना वाटतं, बघा, भुकेलंच होतं. इकडे चार तास छाती कुणी ओढली नाही, निरोप गेला नाही. पुन्हा बाटली, पुन्हा झोप. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी दाटते, काळा भाग ताणून सपाट होतो, बाळाच्या तोंडात काही धरताच येत नाही. मग तेच लोक म्हणतात, "बाळच घेत नाही हो." अहो, घेईल कसं?

ही एवढी माहिती संध्याकाळच्या राउंडला दोन मिनिटांत सांगता येते. "ताई, आज रात्री बाळ सारखं मागेल, घाबरू नका, मागेल तेव्हा लावा, अडलं तर बेल दाबा." काल संध्याकाळी सहा वाजता त्या मुलीला कुणी हे सांगितलं असतं तर तो डबा आलाच नसता.

तिला विचारून तिच्या छातीवर हात ठेवला. बोंडाच्या मुळापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे अंगठा वर, पहिलं बोट खाली. आधी मागे बरगडीकडे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. कातडीवरून घसरवायचं नाही, बोंड पिळायचं तर अजिबातच नाही. सात-आठ वेळा केल्यावर पिवळा थेंब आला. मग दुसरा. दुसऱ्या बाजूलाही आला. ती पोरगी त्या थेंबाकडे बघतच राहिली. "आहे की हो मला," म्हणाली. तिला अख्खी रात्र नाही नाही म्हणून सांगितलं होतं.

मग बाळ लावायचं. इथेच सगळी मेख आहे, आणि इथेच आपले लोक घाई करतात. एका हातात बाळाचं डोकं, दुसऱ्या हातात आईची छाती, आणि दोन्ही एकमेकांवर दाबायचं. डोकं मागून दाबलं की बाळ मान मागे टाकतं, ताठ होतं, रडतं. त्याला नको असतं म्हणून नाही, श्वास कोंडतो म्हणून.

सिझरवालीला मांडी घालून बसायला लावू नका, टाके ओढतात. पाठीला उशी द्या, खाट थोडी उचला. बाळ पोटावरून नाही, काखेतून घ्यायचं, पाय तिच्या पाठीकडे. कुशीखाली उशी पुरत नसेल तर चादरीची जाड घडी ठेवा. सोलापुरात चादरीला काय तोटा? आज तेच केलं. बाळाचा कान, खांदा, कंबर एका रेषेत पाहिजे. मान वळवून गिळता येत नाही, तुम्ही पाणी पिऊन बघा. बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, बोंड वरच्या ओठाला हलकंच लावायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. जांभईएवढं तोंड उघडलं की बाळ छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे वाकवायची नाही. हनुवटी आधी टेकते. खालचा ओठ बाहेर उलटलेला, गाल भरलेले, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. आधी भराभर ओढतं, मग संथ, खोल, मध्ये हनुवटी क्षणभर थांबते. तो गिळल्याचा क्षण. 'चक चक' आवाज येत असेल किंवा आईला कळ जात असेल तर पकड चुकली. ओढून काढू नका, करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि परत लावा. पाच वेळा लावावं लागलं तरी लावा. आज चौथ्या वेळेला लागलं.

वीस मिनिटं लागली, घड्याळ बघितलंय. आई रडत होती, आजी रडत होती, बाळ तेवढं शांत होतं.

आणि यातलं काहीही महाग नाही, हेच डोक्यात जातं. बोंड आत ओढलेलं असेल तर १० मिलीची सिरिंज पुरते. सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालायचा, म्हणजे गुळगुळीत कड छातीकडे येते. आईनं स्वतः हळू ओढून तीस सेकंद ते एक मिनिट धरायचं, पाजण्याच्या आधी, दिवसातून तीन-चार वेळा. दट्ट्या उलटा न घालता कापलेली खरबरीत कड छातीला लावली की कातडी सोलते, आणि मग म्हणायचं हिला सहनच होत नाही. छाती दाटली असेल तर आधी थोडं दूध हातानं काढून काळा भाग मऊ करायचा, मग बाळ लावायचं, पाजून झालं की थंड पाण्याची पट्टी. गाठ आली, ताप आला तरी पाजणं बंद करायचं नाही, दूध साचलं तर गळूपर्यंत जातं. सिझरनंतर नेहमी देतात त्या अँटिबायोटिकच्या आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या चालू असताना पाजता येतं. "गोळ्या चालू आहेत, नको पाजू" हे कुठल्या नात्यातल्या बाईनं सांगितलं तर समजू शकते. आज हे स्टाफनंच सांगितलं होतं.

भिंतीवर "आईचे दूध अमृत" असं पोस्टर होतं तिथे, मोठं, रंगीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, रांगोळ्या, भाषणं, फोटो होतात. स्तनपान वाढावं म्हणून केंद्र सरकारचा 'मा' कार्यक्रम २०१६ पासून आहे. जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला, सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे दोन वर्षं आणि त्याहून जास्त, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण "पाजा पाजा" म्हणणं ही मदत नव्हे. उशी कुठे ठेवायची हे सांगणं ही मदत. आणि चिठ्ठीवर डब्याचं नाव? १९९२ चा कायदा आहे आपल्याकडे, २००३ मध्ये आणखी कडक केला. पावडरची जाहिरात नाही, फुकटचे नमुने नाहीत, दवाखान्यांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्या मालाचा प्रचार करायचा नाही. ठरावीक ब्रँड ठळक अक्षरात लिहून रात्री तीनला भावाला पळवणं याला दुसरं काय म्हणायचं?

हो, मान्य, रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते माहीत आहे. एकीचं ब्लीडिंग, दुसरीचा बीपी, तिसरी लेबर रूममध्ये. वीस मिनिटं आणायची कुठून? पण मग मावशींना शिकवा की. आपल्या वॉर्डातल्या मावशींच्या हाताला जी समज आहे ती अर्ध्या डॉक्टरांना नाही. बाळंतिणीच्या आईला, सासूला दिवसा समोर बसवून दाखवा. रात्री त्याच तिथे असतात.

आणि हेही मान्य की कधी कधी वरचं द्यावंच लागतं. साखर कमी झालेलं बाळ, फार कमी वजनाचं, आई आयसीयूत. तिथे वाद नाही. पण तेव्हाही आधी आईचंच दूध काढून बोंडल्यानं (दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) किंवा वाटी-चमच्यानं द्या, बाटलीनं नाही. आपल्या आज्यांच्या फडताळात बोंडलं असायचंच, ते विसरून आपण प्लॅस्टिकची बाटली आणली. बाळाला उभट धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओतायचं नाही, त्याचं त्याला घेऊ द्यायचं.

आपल्या गावाची अजून एक गोष्ट. साखर पेठेत, विडी घरकुलात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरात कन्नड, आणि आपण सगळ्यांना छापील मराठीतला कागद देतो. तेलुगू येणारी एखादी अक्का वॉर्डात असतेच, तिला बोलवा. विड्या वळणाऱ्या बाईला स्पष्ट सांगा, पाजायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धू, वरची साडी बदल, तंबाखूच्या सुपाजवळ बाळ झोपवू नको. घरात दोन पैसे त्या विड्यांनीच येतात, काम सोड म्हणून उपयोग नाही.

उन्हाळ्यात तर विचारूच नका. पारा ४२ वर गेला की प्रत्येक घरात बाळाचा घसा सुकायला लागतो आणि चमच्यानं पाणी सुरू. आईच्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत सोलापूरच्या मे महिन्यातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही, आईला लागतं. तिचंच पाणी तोडतात बाळंतीण म्हणून! जिभेवर मध लावणं तर बंदच करा, वर्षाच्या आत मधानं बाळाला बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या सिस्टरही विशी-बाविशीच्याच होत्या. त्यांनाही कुणी शिकवलं नसणार, शिकवलं असेल तर पुस्तकातलं चित्र दाखवून. दुपारी बाळ लागलं तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत आल्या, वाकून ओठ बघितला. "असा उलटायला पाहिजे होय," म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांनीच लावलं.

निघताना आजीला एक कागद दिला. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवायचं नाही, लंगोटावरून ठरवायचं. दुसऱ्या दिवशी निदान दोनदा शू, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाच-सहा दिवसांनी सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरणारच, ३ किलोचं बाळ २ किलो ८०० वर आलं म्हणून रडारड नको. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं, किंवा लंगोट कोरडे राहिले, तर लगेच डॉक्टर.

आत्ता सव्वानऊला आजीचा फोन आला. दुपारपासून पाच वेळा पाजलं, शू दोनदा, शी एकदा, "काळी न्हाई हो, हिरवी झाली." डबा कपाटावर टाकलाय म्हणाल्या. आज रात्री सिस्टर अकराला येऊन बघणार आहेत.