लाल दिवा लुकलुकला म्हणून वायर उपटू नका

गणपती आटपून चाकरमानी मुंबईला गेले, घरांना कुलपं लागली, की वाडीच्या ग्रुपवर चोरांपासून सावध करणारे मेसेज सुरू होतात. सध्या जो फिरतोय तो थोडक्यात असा: अलार्मवर किंवा कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर यंत्र हॅक झालंय आणि तुमच्या घरावर कोणाची तरी नजर आहे. हिरवा असेल तर निर्धास्त राहा. दिवा दिसतच नसेल तर यंत्र बंद पडलंय. आणि लाल दिसताच वायर ओढा, बॅटरी काढा, मेसेज पुढे पाठवा.

देवगड-मालवण पट्ट्यात ही यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. या मेसेजनंतर, चाव्या ज्यांच्याकडे ठेवलेल्या असतात त्या शेजारच्या काका-काकूंचे फोन वाढलेत. "तांबडो दिवो लुकलुकता हा रे, वायर काढू काय?" एकेकाला समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

'लाल लुकलुकला म्हणजे हॅक.' आधी यंत्र कुठलं ते बघा. छताला लावलेल्या धुराच्या अलार्मचा लाल ठिपका बऱ्याच मॉडेलांत साधारण मिनिटाभराने एकदा चमकतो. यंत्र चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून ठरावीक वेळाने एकच बारीक 'टिक' ऐकू येत असेल तर बॅटरी संपत आलीय. खरा धूर झाला की दिव्याकडे बघायची गरजच पडत नाही, कान किटतात.

माजघराच्या कोपऱ्यात बसवलेला हालचालीचा सेन्सर वेगळा. त्याच्यासमोरून कोणी गेलं की लाल दिवा क्षणभर पेटतो. तेच त्याचं काम. शरीराच्या उष्णतेतला फरक तो टिपतो. बंद घरात माणूस नसतो, पण पाली असतात. त्या पांढऱ्या, फुगीर भिंगावरूनच पाल सरकली, किंवा वायरच्या भोकातून मुंग्या आत शिरल्या, तर सेन्सरला तीही मोठी हालचालच वाटते. म्हणून मी ते भोक सिलिकॉनने बुजवतो. वीज जाऊन आल्यावरही काही सेन्सर मिनिटभर नुसते लुकलुकतात, कारण ते स्थिरावत असतात. आमच्याकडे वीज जाण्या-येण्याचा हिशेब ठेवला तर दिवसभर तेच बघत बसावं लागेल.

रात्री कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती मंद लाल ठिपक्यांचं कडं दिसतं, ते अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे. त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असेल तर डोळ्याला किंचित लाल दिसतात, ९४० असेल तर काहीच दिसत नाही. आणि सतत टकटक लुकलुकणारा ठळक लाल दिवा? तो बहुधा बाजारात मिळणाऱ्या खोट्या कॅमेऱ्यावर असतो. चोराला दिसावा म्हणूनच तो लावलेला. खऱ्या कॅमेऱ्यांना असली हौस फारशी नसते.

बरं, जिथे तिथे लालच का? डोळ्याला दिसणारा पहिला एलईडी १९६२ साली आला तो लाल होता. आजही लाल एलईडी स्वस्त पडतो आणि दोनेक व्होल्टवर पेटतो, त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना सोयीचा. रंग निवडताना दरवेळी कोणी धोक्याचाच विचार केलेला असतो असं नाही.

'हिरवा म्हणजे निर्धास्त.' या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. चोर-अलार्मच्या बहुतेक पॅनलवर, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य डबीवर, 'रेडी'चा दिवा हिरवा असतो. त्याचा अर्थ दारं-खिडक्या बंद आहेत, आता अलार्म लावता येईल. लावलेला नाही! लावला की 'आर्म्ड'चा दिवा पेटतो, आणि तो बहुधा लाल असतो. म्हणजे मेसेज ऐकून लाल दिवा घालवून हिरवा आणला, तर घर उघडं टाकल्यासारखंच. ओटीवर उभं राहून हिरवा दिवा बघून समाधानाने कुलूप लावणारी मंडळी मी पाहिलीत. महिनाभर अलार्म लागलेलाच नसतो. धुराच्या अलार्मवरचा हिरवा तर एवढंच सांगतो की वीज येतेय. आतला सेन्सर धड आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी 'टेस्ट'चं बटण दाबायचं. आणि दहा वर्षं झाली की दिवा कितीही हिरवा असो, तो अलार्म बदलायचा.

'दिवा नाही म्हणजे यंत्र बंद.' दाराच्या चौकटीवरचा चुंबकाचा सेन्सर दार उघडलं तरच चमकतो, एरवी बॅटरी वाचवत गप्प बसतो. हालचालीच्या सेन्सरचा दिवा तर आम्हीच मुद्दाम बंद करतो, म्हणजे त्याची नजर कुठवर पोचते ते चोराला कळू नये. वाय-फाय कॅमेऱ्याचा दिवाही ॲपमधून बंद करता येतो.

इथे मेसेजवाल्याला न सुचलेली उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. सगळे दिवे व्यवस्थित, पण सायरन मुका. समुद्राकडच्या भिंतीवरचा सायरन खोलला की खाऱ्या हवेने तांब्याच्या वायरीवर हिरवट थर चढलेला दिसतो. स्क्रू फिरवायला गेलं की टर्मिनलचा भुगा हातात येतो. पॅनलवर त्याची काही खूण नसते. सायरन वाजवूनच बघावा लागतो, आणि त्याआधी वाडीत सांगावं लागतं, नाहीतर सगळे काठ्या घेऊन हजर.

हॅकिंगची भीती मात्र निराधार नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं) ताब्यात घेतले होते, आणि वाट होती कंपनीने दिलेला, कोणी न बदललेला पासवर्ड. पण त्याची खबर दिवा देत नाही. ॲपमध्ये कुठकुठल्या फोनवरून लॉगिन आहे ती यादी बघा, पासवर्ड बदला, ओटीपीची दुहेरी पडताळणी चालू करा. 'कॅमेरा हॅक झाला' म्हणून येणाऱ्या फोनमागे बहुतेक वेळा निघतो तो इंटरनेटच्या फायबर केबलच्या डबीवरचा 'लॉस'चा लुकलुकता लाल दिवा. म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही: कुठे माडाची झावळ केबलवर पडलीय, कुठे रस्त्याच्या खोदाईत केबल तुटलीय. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर चित्रण तरीही चालू असतं.

राहिली वायर ओढण्याची गोष्ट. पॅनलचं झाकण उघडलं की छेडछाड ओळखणारा टॅम्पर स्विच सुटतो आणि सायरन बोंबलतो. भर दुपारी काकांची छाती धडधडायला लागते. बॅटरी काढली तर पुढच्या वेळी वीज जाताच घर राखणीविना. पिवळा 'ट्रबल' दिवा दिसला तर आधी वीज आहे का बघा. बराच वेळ वीज नसली की आतली १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि वीज आल्यावरही ती पुरती भरायला काही तास लागतात. तोवर पिवळा दिवा राहतो. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशी बॅटरी पार रिकामी होऊन पडून राहिली की पुन्हा नीट भरत नाही, ती बदलावीच लागते.

गॅसच्या अलार्मचं तर वेगळंच. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीपासून हातभर उंचीवर लावतात. लाल होऊन वाजायला लागला तर प्लग ओढू नका, ठिणगीच पडायची. कुठलंही बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग गॅसगळतीच्या आपत्कालीन नंबरला, १९०६ला, फोन करा.

बाकी वेळी मला फोन करताना कुठलं यंत्र, कुठला दिवा, स्थिर की लुकलुकता, कधीपासून आणि घरात वीज आहे का, एवढं सांगा. मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ पाठवलात तर आणखी बरं. आणि यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं दिव्यांचं पान फाडून पॅनलशेजारी लावून ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. नुसता कागद आपल्या पावसाळ्यात टिकत नाही.